बाबांना सांग

फ्रीगंज, उज्जैन
१२ मार्च २०२५

चि. गौरी,

तू मला फोनवर ब्लॉक केलं आहेस, म्हणून हे पत्र. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. रजिस्ट्रीने पाठवतो आहे, पोचपावती जोडून. उत्तर नाही आलं तरी निदान सही येईल.

मी पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं नकाशे काढले. नदी जिथे वळते तिथे ती वळलेलीच दाखवावी लागते. त्याच सवयीने संक्रांतीला अनिलकाकाकडे काय घडलं ते लिहून काढतो. चुकीचं वाटेल तिथे खूण कर.

डिसेंबरात मी जिन्यात पडलो आणि हाताला प्लास्टर लागलं. तू आणि तुषारने ठरवलं की सदुसष्टाव्या वर्षी बाबांनी एकटं राहू नये. पुण्याच्या घरात माझ्यासाठी खोली रिकामी केलीत, पडदे शिवलेत, पडद्यांचा फोटोही पाठवलास. हे सगळं तू मायेनं केलंस, ते मी विसरलेलो नाही. संक्रांतीला तुम्ही दोघं मला न्यायला आलात. जेवायला अनिलकडे होतो. तू म्हणालीस, "बाबा, तिकिटं सतरा तारखेची आहेत."

मी म्हणालो, "मी एकटा नसतो. अरविंद असतो."

तू म्हणालीस, "अरविंदकाका काय, मित्र आहेत. येतील की पुण्याला भेटायला."

मी म्हणालो, "मित्र नाही. एकतीस वर्षं झाली. तू आणि तुषार जसे आहात, तसं समज."

मग अनिलने टीव्ही लावला. उषाकाकू माझ्या गुळाच्या पोळीवर तूप वाढत होती, ती वाढतच राहिली. तुषारने विचारलं, कोणाला पाणी हवं आहे का. तू एवढंच विचारलंस, "आईला माहीत होतं?"

आणि मी म्हणालो, "तिळगूळ घे."

आजवर मी बरीच मूर्ख वाक्यं बोललो आहे, पण हे सगळ्यात वरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तिकिटं बदलून गेलात. त्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं आहे, पण आज नाही.

प्लास्टर निघालं. अरविंद बरा आहे. तू विचारणार नाहीस, तरी कळवतो.

बाबा


९ एप्रिल २०२५

चि. गौरी,

पोचपावती आली. सही तुषारची आहे. त्याची सही बँकेत चालते कशी, हे एक कोडंच आहे. त्याला माझे आशीर्वाद सांग.

इकडची हालहवाल. अनिल आला होता. खुर्चीच्या अगदी कडेला बसला, जणू खुर्चीला काही लागलं होतं. म्हणाला, "दादा, ये सब बोलायची बात आहे का? इतकी सालं निघाली, कोणी काही पूछलं तुला? आता बुढापेमें कशाला?" मी म्हटलं, कोणी पूछलं नाही म्हणूनच सांगावं लागलं. तर म्हणतो, "लोकं काय सोचतील!" त्याचा राग गोष्टीवर कमी आणि बोलण्यावर जास्त आहे. आपले पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात कारकून होते. कागद जपायचे, तोंड उघडायचं नाही, एवढं एकच वतन आमच्यापर्यंत टिकलं आहे. मी ते बुडवलं, असं त्याला वाटतं.

उषाकाकू देवळात भेटली तर गाभाऱ्याकडे बघते. देवाकडे इतकं टक लावून बघताना तिला मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

तुझा प्रश्न. उत्तर असं, की नाही, तुझ्या आईला माहीत नव्हतं. अरविंद तिच्यासाठी माझा मित्र होता. साताऱ्याहून बँकेच्या बदलीवर उज्जैनला आला, लग्न केलं नाही, नानाखेड्याला एकटा राहतो, रविवारी आपल्याकडे जेवतो. यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं. तेव्हा तिच्या वतीने तू दुःख करू नयेस.

बाबा


४ मे २०२५

चि. गौरी,

या वेळची पोचपावती तुझ्या सहीची होती. खाली दोन शब्द होते. "खरं सांगा."

पोचपावतीवर मजकूर लिहिता येतो की नाही, याचा पोस्टाचा नियम मला माहीत नाही. आमच्या पोस्टमनने वाचला असणार, कारण त्याने ती मला दोन्ही हातांनी दिली.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. दोन आठवडे ती पोचपावती टेबलावर काचेखाली ठेवली आहे. आता लिहितो.

१९९८ साली अरविंदला कावीळ झाली. आठ दिवस दवाखान्यात होता. ऑफिसातून सुटलो की मी तिथे जाऊन बसायचो. पाचव्या दिवशी कल्पना माझा डबा घेऊन आली. मी अरविंदचं तोंड पुसत होतो. बस, एवढंच. तिने दारातून पाहिलं, डबा स्टुलावर ठेवला आणि निघून गेली. अरविंद म्हणाला, "वहिनींना कळलं." मी म्हणालो, छे, कसं कळेल. पण तोंड कसं पुसतात यावरून बायकांना कळतं. तिचं मी तसं कधी पुसलं नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षं ती माझ्याशी थेट बोलली नाही. तुला आठवतं का? तू नऊ वर्षांची होतीस. ती स्वयंपाकघरातून तुला सांगायची, "बाबांना सांग, जेवून घ्या म्हणावं." तू धावत बाहेरच्या खोलीत यायचीस, हात मागे बांधून निरोप द्यायचीस आणि माझा निरोप घेऊन परत जायचीस. तुला तो खेळ वाटायचा. मला स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू यायचं. भिंत ती काय आपली! पण तू येऊन सांगितल्याशिवाय मी उठायचो नाही. तिचाही तसाच नियम होता. तू आमची पोस्टमन होतीस, गौरी, आणि पत्रं फार वाईट होती. त्याची मला लाज वाटते.

२००० च्या दिवाळीआधी ती एकदम माझ्याकडे वळून बोलली. "अहो, रविवारी त्यांना जेवायला बोलवत जा. एकटे काय खात असतील!" मी काहीतरी बोलायला गेलो. तिने हात वर केला. म्हणाली, "मला विचारून लग्न केलं असतंत, तर मी नाही म्हटलं असतं. तेव्हा विचारलं नाहीत, आता सांगू नका." या विषयावर ती आयुष्यात एवढंच बोलली. ती माफी नव्हती. माफी होती असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो, कारण ते सोयीचं होतं.

मी तुझ्या आईवर अन्याय केला. मी घाबरट होतो. आई-वडिलांनी मुलगी दाखवली, मी हो म्हणालो, आणि माझ्या भित्रेपणाची शिक्षा तिने भोगली. ती माझ्याबरोबर सुखी नव्हती. कधीकधी हसायची, पण ते वेगळं.

तू खरं मागितलंस. हे ते.

बाबा


२० जुलै २०२५

चि. गौरी,

पोचपावती आली. फक्त सही. मजकूर नाही. पण सही पूर्ण नावाची आहे, मागच्यासारखी घाईची नाही. मी नकाशेवाला माणूस, रेघ बघूनच बोलणार.

आणखी एक खोटं बाकी आहे, तेही आटपून टाकतो. ते लहान आहे, पण तू त्यात सात वर्षं जेवली आहेस.

२०१७ च्या उन्हाळ्यात कल्पना आजारी पडली. तुझी नोकरी नवी होती, तू शनिवार-रविवार जमेल तशी यायचीस. अधल्यामधल्या दिवशी काय चाललं होतं ते तुला ठाऊक नाही. एका मंगळवारी तिने मला सांगितलं, "त्यांना बोलवा." अरविंद आला. ती स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसली आणि त्याला ओट्याशी उभं केलं. मला म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा."

पुढचे दोन महिने ती त्याला स्वयंपाक शिकवत होती. मला नाही, त्याला. त्याने वही केली आहे, मी ती पाहिली आहे. "ह्यांना कढीतली कढीपत्त्याची पानं घशात अडकतात, वाढताना वेचावीत." "ह्यांना भूक लागली की चिडतात, भांडू नये, आधी वाढावं." मधेच भाजीची यादी. ती रागवायची सुद्धा. मी बाहेरून ऐकायचो. "तुम्हा सातारकरांना तिखटाशिवाय दुसरी चव नाही का?" अरविंद म्हणायचा, "वहिनी, तुमच्या उज्जैनला तर भाजीतसुद्धा साखर." मग दोघं हसायचे. त्या हसण्यात मला जागा नव्हती, आणि तक्रार करायला तोंडही नव्हतं.

शेवटी तिने त्याला नवमी शिकवली. म्हणाली, "मी सवाष्ण जाणार हे नक्की. पितृपक्षात माझी अविधवा नवमी नीट करा. सवाष्ण जेवू घाला, भैरवगढची छापाची साडी द्या, लाल-काळी. आमसुलाची चटणी, वडे, अळू. आणि खीर पातळ करू नका, पाण्यासारखी खीर ओरपायला मी परत येणार नाही."

२०१८ पासून दर नवमीला तू पुण्याहून यायचीस, पानावर बसायचीस आणि म्हणायचीस, "अगदी आईच्या हातची चव." मी सांगायचो की कुसुमने केलं. आपल्याकडे केर-लादी करणारी कुसुम, तिला साधा वरणभात टाकता येत नाही. अरविंद पहाटे यायचा. पुरुष बारा वड्यांचा घाणा तळतो आहे हे कोणी पाहू नये, म्हणून खिडकी लावून घ्यायचा. अळू तो नानाखेड्याला कुंडीत लावतो, बाजारातलं खाजतं म्हणून. साडी तोच निवडायचा. साडेअकराला, तुम्ही सगळे यायच्या आधी, मागच्या जिन्याने जायचा आणि घरी जाऊन पोहे खायचा.

हे सगळं त्याने सात वर्षं केलं आणि मी करू दिलं.

बाबा


५ सप्टेंबर २०२५

चि. गौरी,

नवमी सोमवारी, पंधरा तारखेला आहे.

दर वर्षी उषाकाकू सवाष्ण म्हणून बसते. परवा फोन केला तर म्हणाली, "दादा, यंदा गुडघे जामच झालेत माझे. पाटावर बैठक जमणारच नाही." मी म्हटलं, टेबल-खुर्ची मांडू. तर म्हणाली, "कंबर पण आहे ना." मग समोरच्या वाडकरवहिनींना विचारलं, त्यांचेही गुडघे. मग मंडळातल्या तिघींना. उज्जैनमधल्या तमाम महाराष्ट्रीय सवाष्णींचे गुडघे एकाच आठवड्यात गेले आहेत. डॉक्टर लोकांनी या साथीकडे लक्ष द्यायला हवं.

मला टाकलं तर मी समजू शकतो. पण पान कल्पनाचं आहे. ती माझ्यामुळे जिवंतपणी उपाशी होती असं म्हटलं तर फारसं चूक होणार नाही. आता गेल्यावरही माझ्यामुळेच तिचं पान रिकामं राहणार, हे मला सहन होत नाही. हसण्यावारी नेत होतो, पण काल गुरुजींना फोन करताना माझा आवाज फुटला. गुरुजी म्हणाले, "अहो, एवढं काय! कपाळाला कुंकू हवं आणि पोटात भूक हवी. लेकसुद्धा चालते, तिचं गोत्र आता वेगळं."

दुसरं असं, की अरविंद म्हणतो यंदा तो मागच्या जिन्याने जाणार नाही. चहा पिता पिता म्हणाला. "करीन तर वाढीनही. नाहीतर करणार नाही. चौसष्टचा झालो, गोपाळ, तो जिना आता उतरवत नाही." त्याचे गुडघे मात्र खरंच दुखतात. मी हो म्हणालो. लगेच म्हणालो नाही, चहा संपल्यावर म्हणालो. तेही लिहून ठेवतो.

म्हणजे तू आलीस तर तो घरात असेल आणि तुला वाढेल.

गौरी, तू ये. आडून सुचवत नाही, विचारतो आहे. माझ्याशी बोलू नकोस, मुळीच बोलू नकोस. पानावर बस आणि जा.

बाबा


१६ सप्टेंबर २०२५

चि. गौरी,

या पत्राला पोचपावती जोडलेली नाही. साध्या टपालाने टाकतो आहे.

काल काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. उरलेलं अर्धं लिहितो.

पाच तारखेच्या पत्राची पोचपावती शनिवारी आली, तुझी सही होती. म्हणजे तुला कळलं होतं, पण तू येणार की नाही, हे त्यावरून काढणं शक्य नव्हतं. रविवारी मी इंदूरहून येणाऱ्या बसच्या वेळा बघून ठेवल्या. सोमवारी अरविंद पहाटे आला. खिडकी उघडी ठेवली. वडे तळायला लागल्यावर वाडकरवहिनी समोरच्या गच्चीत कपडे वाळत घालायला आल्या आणि एक टॉवेल त्यांनी चार वेळा झटकला. अरविंदने झाऱ्यानेच नमस्कार केला.

बारा वाजले. पाट मांडला, रांगोळी काढली, पान वाढायला घेतलं. जिन्यात पाऊल वाजलं की मी दाराकडे बघायचो. कोणी दूधवाला, कोणी वरच्या मजल्यावरचं. सव्वाबाराला मी पाटाजवळच्या खुर्चीत बसलो आणि मला रडू आलं. अरविंद काही बोलला नाही. वहीत तसं लिहिलेलं असावं.

कुसुम भांडी घासायला थांबली होती. हात पुसत दारात आली. पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "बाबूजी, सात साल से इस खाने पे नाम मेरा चल रिया है। एक बार बैठ के खा भी लूँ?"

मी म्हटलं, "तुला माहीत आहे सगळं?"

"झाड़ू मैं लगाती हूँ बाबूजी इस घर में। मेरे से क्या छुपेगा। और भाभी की साड़ियाँ पहनी हैं मैंने, उनकी पत्तल ख़ाली नहीं रहने दूँगी।"

तिने पाय धुतले, पदर डोक्यावरून घेतला आणि पाटावर बसली. मी हळदीकुंकू लावलं नाही, पुरुषाने लावू नये म्हणतात. करंडा तिच्यापुढे ठेवला, तिने स्वतः लावलं. आमच्या घरात त्या पाटावर बामणाखेरीज कोणी बसलेलं नाही. अनिलला कळलं तर तो पुन्हा खुर्चीच्या कडेला बसायला येईल. येऊ दे.

अरविंद वाढत होता. चटणी, वडे, अळू. खीर वाढायला वाकला आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याच्या एका हातात पातेलं, दुसऱ्यात पळी. मी खिशातून फोन काढला. वर तुझं नाव होतं.

मी उचलला नाही, गौरी. म्हणजे बटण दाबलं, पण माझ्या कानाला लावला नाही. तू त्याला फोन केला होतास. मी तो त्याच्या कानाशी धरला. पण मी एक वीत अंतरावर उभा होतो, आणि ऐकू यायचं ते आलंच. आठ महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. सर्दी झाली आहे तुला.

तू म्हणालीस, "काका, खीर पातळ झालीये. आई काय करायची?"

अरविंदने पातेलं खाली ठेवलं. म्हणाला, "चमचाभर तांदूळ तुपावर भाजून वाट आणि दुधात कालवून लाव. गॅस बारीक. हात थांबवू नकोस."

"शेजारच्या काकू पाटावर बसल्यात. दहा मिनिटं आहेत."

"पुरेत."

मग तुझ्याकडून पळीचा आवाज येत राहिला. दोघंही फोन ठेवत नव्हतात. कुसुम वडा हातात धरून बघत होती. थोड्या वेळाने तू म्हणालीस, "झाली घट्ट." आणि मग विचारलंस, "तिथे कोण बसलंय?" त्याने सांगितलं. तू नाक ओढलंस, की हसलीस, ते मला ठरवता आलं नाही.

मग तू म्हणालीस, "बाबांना सांगा, जेवून घ्या म्हणावं."

मी ऐकलं. पण जागचा हललो नाही. फोन बंद झाला, अरविंदने पळी ठेवली, हात पुसले आणि एका वितीवरून माझ्याकडे वळून म्हणाला, "गौरीचा निरोप आहे. जेवून घ्या म्हणाली."

मग त्याने आमची दोघांची पानं घेतली. सात वर्षांत पहिल्यांदा तो नवमीला या घरात जेवला.

निरोप मिळाला. जेवलो.

बाबा